नारायणगाव कुणी आहे का?

कळंब मागे पडलं तसा कंडक्टर पुढच्या दांड्याला टेकून उभा राहिला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, “नारायणगाव कुणी आहे का?” फाल्गुनातली दुपार होती. निम्मी गाडी पेंगत होती, उरलेली मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. कुणीच काही बोललं नाही. “नाही ना? मग घ्या बायपासनं,” तो ड्रायव्हरला म्हणाला, आणि गावात जाणारा जुना रस्ता बाजूला टाकून गाडी नव्या चौपदरी रस्त्याला लागली. वेग वाढला, खिडक्यांचा खडखडाट एका सुरात आला, आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी जाग्या झाल्या. मंचरला गर्दीत चढल्या होत्या. डोक्यावरून पदर, मांडीवर नायलॉनची पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. “कुटवर आलो गं?” त्यांनी मागे वळून विचारलं. मी म्हटलं, “आजी, हे काय, नारायणगावच चाललंय बाजूनं.” त्यांनी खिडकीतून नीट निरखून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “काय बी सांगती. माझा जल्म गेला नारायणगावात. ह्ये न्हाई नारायणगाव.”

पुढं व्हायचं ते झालं. कंडक्टरनं कपाळावर हात मारून घेतला. आजींनी त्याचा, ड्रायव्हरचा आणि हा रस्ता काढणाऱ्यांचा उद्धार केला. जुना रस्ता जिथं पुन्हा येऊन मिळतो तिथं गाडी थांबली, कंडक्टर स्वतः पिशवी घेऊन खाली उतरला, कुणाच्या तरी फोनवरून स्टँडवर उभ्या असलेल्या नातवाला ‘फाट्यावर ये’ असं कळवलं गेलं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. फार कुणाचं चुकलं होतं असंही नाही. पण संगमनेर येईपर्यंत आणि त्यानंतरही आजींचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण खिडकीतून मीही बघत होते, आणि मलाही ते नारायणगाव वाटत नव्हतं.

बायपासवरून गावाची पाठ दिसते.

हमरस्त्यावरच्या गावाची आपली ओळख समोरून झालेली असते. दुकानांच्या पाट्या, कमानी, वाढदिवसाचे फ्लेक्स, हॉटेलांच्या काउंटरवर रचलेल्या बरण्या, सगळं रस्त्याकडे तोंड करून मांडलेलं. बायपास मागून जातो. तिथून दिसतात गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, संडासाचे पाइप, दोरीवरच्या गोधड्या, मागच्या अंगणात भांडी घासणारी बाई. ती मान वर करून बघतसुद्धा नाही, कारण या रस्त्यावरून जाणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध नाही. देवळाचा कळस भलत्याच बाजूला असतो. मग उसाचं रान, द्राक्षाचे मांडव, कुठं बिबट्यापासून सावध राहा म्हणणारी पाटी, आणि तेवढ्यात गाव संपतंसुद्धा. आजींनी सगळा जन्म या गावात काढला, पण त्यांच्या गावाला अशी एक बाजू आहे हे त्यांना दाखवायला चौपदरी रस्ता यावा लागला. त्यात त्यांनी ते आपलं म्हणायला नकार दिला, तर बिघडलं कुठं?

माझं माहेर संगमनेर, सासर पुणे. म्हणजे पुणे–नाशिक रस्ता हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त बघितलेला सिनेमा. लहानपणी मामाकडे पुण्याला जाताना आई वाटेतल्या नद्या म्हणायला लावायची. संगमनेर सोडताना प्रवरा, घारगावला मुळा, मग कुकडी, नारायणगावात मीना, पुढं घोड, खेडला भीमा, मोशीला इंद्रायणी. नदी आली की गाव आलं, आणि गाव आलं की गाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढा व्हायचा. खेडात हुतात्मा राजगुरूंचं नाव घेऊन आई हात जोडायची. चाकणला कांद्याचा वास गाडीत शिरायचा आणि तो मोशीपर्यंत उतरायचा नाही. नारायणगावला मात्र गाडी स्टँडमध्ये जायची, दहा मिनिटं थांबायची, आणि त्या दहा मिनिटांत आम्हा भावंडांना ऊस-रस मिळायचा. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू, लिंबू-आल्याचा वास, काचेच्या ग्लासच्या तळाला राहिलेला फेस. आई रस घ्यायची नाही. प्रवासाच्या दिवशी तिनं सकाळपासून पाणीच सोडलेलं असायचं. का, ते मला मी बाई झाल्यावर कळलं. वाटेत कुठल्याच गावात तिला जाता येईल अशी जागा नव्हती, आणि होती ती नाक दाबूनही जाण्यासारखी नव्हती.

त्याच स्टँडबाहेर मी पहिल्यांदा तमाशातल्या बायका पाहिल्या. दिवसाढवळ्या, रंग न लावलेल्या. फडाचा ट्रक उभा होता, फाळक्यावर नऊवाऱ्या वाळत घातल्या होत्या, एक बाई दुसरीच्या केसांना तेल चोळत होती आणि तिसरी कागदात भजी घेऊन खात होती. आमच्या घरात तमाशा हा शब्द आवाज खाली करून उच्चारायची पद्धत. मला वाटलं, आई माझं तोंड पलीकडे वळवेल. ती मात्र स्वतःच बघत राहिली, गाडी सुटेपर्यंत. मग म्हणाली, “विठाबाईंचं गाव आहे हे.” विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तेव्हा हयात होत्या. फडावर नाचता नाचता कळा आल्या म्हणून आत जाऊन बाळंत झाल्या आणि दगडानं नाळ तोडली, ही त्यांची गोष्ट आईनं मला त्या प्रवासात, आळेफाट्याच्या अलीकडे, कानात सांगितली. राष्ट्रपती पदक मिळालेली ही बाई शेवटी हलाखीत २००२ साली गेली, आणि आता सरकार तिच्या नावानं तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं, हे मला पुढं पेपरातून कळलं. पण ती गोष्ट मला सांगितली जाण्याचं कारण एवढंच होतं, की आमची गाडी त्या गावात थांबली होती.

आता हे सगळं लिहिताना मला माझाच राग येतो आहे. रस्त्यात तुंबलेल्या गाड्यांबद्दल हळवं होणं हा ज्यांना वेळ आहे त्यांचा उद्योग. मला ती दुसरी आठवणही तितकीच लख्ख आहे. काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना घेऊन आम्ही संगमनेरहून पुण्याला निघालो. बायपास अजून व्हायचे होते. नारायणगावच्या मुख्य रस्त्यावर ॲम्ब्युलन्स अडकली. आठवडी बाजार, दोन्ही बाजूंनी हातगाड्या, समोर उसाची ट्रॉली, तिच्यापुढं लग्नाचा बँड. सायरन वाजत होता आणि त्याच्यावर ताण करून बँडवाले वाजवत होते. एका चहाच्या टपरीवरून खांद्यावर टॉवेल टाकलेला माणूस उठला, काही न बोलता रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं एकेक मोटरसायकल हातानं उचलून बाजूला केली. दुसरे दोघं त्याला येऊन मिळाले. बँड थांबला, वरातीतल्या बायकांनी पोरांना कडेला ओढलं. वाट झाली. पुढं खेड घाटात एक ट्रक बंद पडला होता, तिथं टॉवेलवाला माणूस नव्हता. काकांचा उजवा हात पुन्हा कधी नीट उठला नाही. वेळेत पोचलो असतो तर, या वाक्याला आमच्या घरात अजून शेवट मिळालेला नाही. त्यामुळे बायपास कशाला हवा होता, असं कुणी माझ्यासमोर म्हणू नये. चाकणच्या लोकांना विचारा. तळेगाव चौकात दिवसाचे किती तास जातात, हे तिथला कंपनीतला कामगार डोळे मिटून सांगेल. त्यांच्या वाट्याला ही सुटका आलेली नाही.

खेड घाटाचा आणि नारायणगावचा रस्ता २०२१ साली खुला झाला तेव्हा उद्घाटन कुणी करायचं यावरून आजी खासदार आणि माजी खासदार यांच्यात जुंपली होती, आणि दोघंही तेव्हा राज्यात एकत्र सरकार चालवणाऱ्या पक्षांचे होते. श्रेयासाठी भांडावं असाच तो रस्ता होता, त्यात शंका नाही. आम्हीही पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा घरी फोन करून किती मिनिटं वाचली ते सांगितलं. वाचलेल्या मिनिटांचं पुढं काय केलं ते विचारू नका.

आजींच्या त्या प्रसंगानंतर मी एकदा मुद्दाम नारायणगावला उतरले. पाडवा जवळ आला होता. म्हणजे राहुट्या लागल्या असणार, हे मला माहीत होतं. दरवर्षी या सुमाराला राज्यातले तमाशा फड इथं येऊन राहुट्या ठोकतात आणि गावोगावचे पंच, यात्रा कमिटीची माणसं येऊन चैत्रातल्या जत्रांसाठी सुपारी देऊन जातात. तमाशाची पंढरी म्हणतात ती यासाठी. राहुटी म्हणजे काय, तर कापडी छत, पुढं फडाच्या नावाचा मोठा फलक, आत गादी, एक टेबल, टेबलावर वही आणि दिनदर्शिका. वहीत गावाचं नाव, तिथी, रक्कम, इसार. पौर्णिमेची तारीख महाग, आडवारची स्वस्त. एका राहुटीत खालच्या पट्टीत घासाघीस चालली होती. पांढऱ्या टोप्या घातलेले चौघं एका बाजूला, व्यवस्थापक दुसऱ्या बाजूला. “गेल्या साली पाऊस आला, तमाशा झालाच नाही अर्धा,” टोपीवाले म्हणत होते. “पाऊस आमच्या सुपारीत नव्हता पाटील,” व्यवस्थापक म्हणाला. त्यावर सगळे हसले आणि रक्कम थोडी उतरली.

ते गेल्यावर मी त्या व्यवस्थापकाला विचारलं, की बायपास झाल्यापासून तुमच्याकडे येणारे कमी झाले का? त्यानं माझ्याकडे पाहिलं ते बाईंना काही कळत नाही अशा समजुतीच्या नजरेनं. “ताई, ज्याला तमाशा न्यायचाय तो कशानं चुकंल? आम्हाला मारलं ते कोरोनानं. दोन चैत्र वाया गेले. रस्त्याचं काय घेऊन बसलात.” बाजार समितीच्या टोमॅटोचंही तेच. २०२३ च्या जुलैत इथं वीस किलोच्या क्रेटनं दोन हजारांचा आकडा ओलांडला तेव्हा बातमी देशभर झाली, आणि भाव कोसळले की इथलाच टोमॅटो रस्त्याकडेला ओतलेला दिसतो. दोन्ही वेळा बायपास तिथंच होता. ज्याचा माल आहे तो येतो, ज्याला घ्यायचा आहे तो येतो. जुन्नर, शिवनेरी, ओझरला जाणारे वळून येतात. खोडदला दुर्बिणी बघायला येणारी शाळेची पोरं येतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आभाळातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपत बसल्या आहेत, त्यांना रस्ता कुठून जातो याच्याशी कर्तव्य नाही.

गावातल्या कापडाच्या दुकानदारानं तर मला वेड्यात काढलं. “आधी आमच्यासमोर चोवीस तास ट्रक. समोरच्या आळीतल्या बायका पलीकडे उभं राहून नुसत्या आमच्या साड्या बघायच्या. रस्ता ओलांडायची हिंमत कुणाची? आता येतात, बसतात, दहा साड्या उलगडायला लावतात आणि न घेता जातात. पण येतात.” त्याच्या काउंटरची काच स्वच्छ होती. म्हणाला, “पूर्वी दिवसातून चारदा पुसायला लागायची, धुरळा नुसता.” बाहेर खरंच शाळेतली दोन पोरं सायकल शिकत होती, जुन्या हायवेवर, जिथून मी जीव मुठीत धरून आईचं बोट पकडून पलीकडे गेले होते.

मग गेलं कुणाचं? रसवंतीवाल्याचं गेलं. स्टँडजवळ एकच उरली आहे आणि तिथं चरकाला घुंगरू नाहीत, इलेक्ट्रिक मोटर आहे. “स्टँडात उतरणारं उतरतं आणि घरी जातं,” तो म्हणाला. “रस पिणार कोण? रस पितं ते थांबलेलं गिऱ्हाईक.” चहावाल्याचं गेलं, शेंगा-काकडी घेऊन खिडकीखाली धावणाऱ्या पोरांचं गेलं. आणि माझं गेलं. मी बराच वेळ हा हिशोब गावाच्या बाजूनं मांडत होते, गावाचं काय झालं, गाव ओस पडलं का. गाव मजेत आहे. ज्यांचं गावात काही काम होतं त्यांना गाव अजून आहे तिथंच आहे. ज्यांचं काहीही काम नव्हतं, त्यांच्यासाठी ते नाहीसं झालं. आणि गंमत ही, की माझ्या माहितीतलं निम्मं जग असं बिनकामाचं मिळालेलं आहे. मला नारायणगावात ना नातं, ना व्यवहार. तरीही तिथं पाऊस कधी पडतो, लग्नं कुठल्या हॉलमध्ये होतात, कुठल्या दुकानाची पाटी बदलली, कुठला वड तोडला, हे मला ठाऊक असायचं, निव्वळ तुंबलेल्या गाडीच्या खिडकीतून. माझ्या मुलीला हा रस्ता विचारा. ती चाकण सांगेल, कारण तिथं अडकतो, आणि टोलनाके सांगेल. मधली गावं तिला हिरव्या पाटीवरच्या बाणांएवढीच माहीत आहेत. तिचं काही अडत नाही, हेही खरं. मीनेचं नाव तिला यावं असा हट्ट मी कुठल्या तोंडानं धरू? बायपासवरच्या पुलाचे कठडे एवढे उंच आहेत, की खाली पाणी आहे की नाही तेही बसल्या जागेवरून कळत नाही.

परतीच्या गाडीसाठी मी स्टँडवर थांबायला हवं होतं, पण बऱ्याच गाड्या आत येतच नाहीत असं कळलं म्हणून रिक्षा करून फाट्यावर गेले. तिथं एक जोडपं द्राक्षं विकत बसलं होतं. हिरव्या जाळीचं छप्पर, लाकडी फळी, तिच्यावर काळ्या जम्बो द्राक्षांचे घोस, शेजारी वजनकाटा आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा. बाईंनी एक घोस उचलून हातात दिला, “खाऊन बघा, मग घ्या.” साल जाड होती, आतला गर थंड. बोलता बोलता कळलं, की रस्ता त्यांच्याच रानातून गेला आहे. बाग अलीकडे राहिली, विहीर पलीकडे. रस्त्याखालून पाइप टाकून घेतला आहे. तो फुटला तर शोधायचा कुठं, हा प्रश्न अजून आला नाही एवढंच. पाणी धरायला जायचं तर भुयारी वाट लांब, म्हणून रात्री-अपरात्री कठडा ओलांडूनच जातात. बाईंनी नवऱ्याकडे बोट केलं, “कितीदा सांगितलं, ऐकत न्हाईत. गाड्या काय थांबतात होय?” पैसे मिळाले का, असं मी विचारलं. “मिळाले. चांगले मिळाले, खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “भावाभावांत वाटणी झाली, घराचा स्लॅब पडला, ट्रॅक्टर आला. पण ती काळी होती ना, तशी दुसरीकडं घ्यायला गेलं तर तेवढ्यात निम्मीबी येत न्हाई.” त्यानं पायानं मुरमाचा एक खडा उडवला. तो जिथं उभा होता तो तुकडा रस्त्याला लागून उरलेला, लांबट, तिरपा, त्यात धड बागही होणार नाही.

“इथं हॉटेल टाकायचं मनात आहे,” तो म्हणाला. गावात त्याच्या चुलत्याचं हॉटेल होतं, स्टँडसमोर, आता निम्मं भाड्यानं दिलं आहे, मोबाइलचं दुकान आहे तिथं. गिऱ्हाईक इकडं सरकलं, तर आपणही सरकावं. मिसळ, भाकरी-पिठलं, हंगामात द्राक्षं, ऊस-रस. पार्किंगला जागा भरपूर. बोर्डाचं डिझाइनसुद्धा त्यानं मोबाइलवर करून घेतलं होतं, लाल-पिवळं, वर शिवनेरीचा फोटो. ते त्यानं मला दाखवलं आणि विचारलं, “तुम्ही पुण्याच्या ना ताई? कायम जाणाऱ्या-येणाऱ्या. तुमच्यासारखी लोकं थांबतील का, खरं सांगा.”

मी म्हटलं, “बाथरूम कसं असणार त्यावर आहे. आत पाणी हवं, दाराला कडी हवी, दिवा हवा. एवढं असेल तर आम्ही थांबू. मिसळ नंतर बघू.”

“ऐकलं का?” बाई माझ्या पेटीला सुतळी मारता मारता नवऱ्याला म्हणाल्या. “म्या म्हणती आधी संडास बांधा, तर ह्यांचं आपलं आधी बोर्ड.”